गुरांवाचून पाडवा
(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात भेटणारा प्रत्येक मित्र विचारतो, "काय रे, गावी काय विशेष?" गेल्या वर्षापर्यंत मी मोठ्या अभिमानाने सांगत असे, "आमचा गुरांचा पाडवा!" यंदा मात्र सांगताना जीभ अडखळली. पाडवा थाटात झाला. कमान उभी राहिली, गुलाल उधळला, मुंबईकरांनी आणलेला डीजे रात्री उशिरापर्यंत वाजला. गुरे तेवढी सात आली.

वाचकहो, शिवथर म्हटले की सर्वांना घळ आठवते. समर्थांनी तेथे दासबोध लिहिला अशी श्रद्धा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती घळ शोधून काढली. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला गाड्यांची रांग लागते. पण त्याच खोऱ्यातल्या आमच्या वाडीत एक गोठणही आहे, हे पाहुण्यांना कोठून ठाऊक असणार? गावची सारी गुरे जिथे एकत्र जमतात, दुपारी झाडांच्या सावलीत रवंथ करीत बसतात, ती ही जागा. ती कोणा एकाची नाही, सर्वांची आहे.

माझे आजोबा गावचे गुराखी होते. दर जनावरामागे ठरलेले भात मिळे, त्यावर घर चाले. वर्षभर त्यांना कोणी "बसा" म्हणत नसे. पण पाडव्याला गुरांच्या शिंगांना गेरू लागे, गळ्यात झेंडूच्या माळा पडत, घरोघरच्या बायका गुरांना ओवाळीत, आणि गोठणीवर सर्वांत पुढे आजोबा चालत. नवा टॉवेल आणि नारळ त्यांच्या हाती पडे. देशावर बेंदूर आणि पोळा होतो, त्यात मान बैलाचा. आमच्या पाडव्यात बैलाबरोबर त्याला राखणाऱ्या माणसाचाही मान होता.

मग गुरे गेली कोठे? लोक म्हणतात, ट्रॅक्टर आला, पॉवर टिलर आला. हे खरे आहे, पण अर्धेच. आमच्याकडे आधी गुराखी गेला, गुरे नंतर गेली. पोरे शाळेत जाऊ लागली (मीही त्यांतलाच), तरुण बिरवाडीच्या कारखान्यांत नाहीतर मुंबईला गेले. राखणारे कोणी नाही म्हणून गुरे मोकाट सुटली. मोकाट गुरांनी भातामागचे कडवे वाल आणि पावटे खाल्ले. भांडणे झाली, वाल पेरणे बंद झाले आणि शेवटी गुरे विकली गेली. आता राब भाजायला शेण नाही, म्हणून खताची गोणी विकत आणावी लागते.

हे एकट्या आमच्या वाडीचे नाही. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५५ लाख गाई-बैल होते. २०१९ च्या गणनेत ते सुमारे १ कोटी ४० लाख भरले. चिखलात न थकता चालणारी आपली ठेंगणी 'कोकण कपिला' देशाच्या नोंदणीकृत जातींत आली, आणि इकडे तिचे गोठे रिकामे होत आहेत! बैलगाडा शर्यतीसाठी २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या निकालापर्यंत लोक सर्वोच्च न्यायालयात झगडले. गुराख्यासाठी कोण झगडणार?

यंदा मंडळाच्या बैठकीत ठराव आला, की गोठणीवर सिमेंटचा रंगमंच बांधावा. मी उठून विरोध केला. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सांगितले आहे, हेही मी ऐकवले. तेव्हा मागून एक काका म्हणाले, "तू बी.ए. होणार. मग गुरं कोन राखणार? तू?"

सगळे हसले. मी गप्प बसलो, कारण प्रश्न खरा होता. आजोबांना मिळाले तसे जिणे मला नको आहे, आणि ते दुसऱ्या कोणाच्या मुलाला मिळावे असेही मला म्हणवत नाही.

त्या काकांना माझे उत्तर आज देतो. गुराखी हवा, पण उरल्यासुरल्या भातावर नव्हे. मृगापासून शिमग्यात वाल निघेपर्यंत गावाने त्याला रोख पगार द्यावा. ज्याला जमेल त्याने आळीपाळीने एक दिवस द्यावा. सुट्टीतला माझा दिवस मी आजच लिहून देतो. डीजेसाठी वर्गणी जमते, तर राखणीसाठी का जमू नये? आणि गोठण मातीचीच राहू द्यावी. रंगमंच शाळेच्या पटांगणावरही होईल, पण गुरांना बसायला दुसरी गोठण मिळणार नाही.

पाडव्याला मंडळाने आजोबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. टाळ्या झाल्या. आजोबांचे लक्ष टाळ्यांकडे नव्हते. खुर्चीवर बसून ते बोटांवर काही मोजत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सातच? बाकीची मागं ऱ्हायली काय रं?"

त्यांना आता फारसे दिसत नाही. त्या दिवशी मी "होय" म्हणालो. पुढच्या पाडव्याला मला खोटे बोलावे लागू नये, एवढीच गावकऱ्यांना विनंती आहे.