नागरिकशास्त्र सक्तीचे आहेच. ते गावात कधी येणार?

दहावीचा निकाल लागला की आमच्या बँकेत मुलांची खाती उघडायला गर्दी होते. कोणाला शिष्यवृत्तीसाठी खाते हवे असते, कोणाला कॉलेजच्या फीसाठी. गेल्या खेपेस एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. समाज विज्ञानात त्याला नव्वदच्या वर गुण. फॉर्म तपासता तपासता मी त्याला सहज विचारले, "ग्रामसभा म्हणजे काय रे बाळा?" त्याने व्याख्या धडाधड म्हणून दाखवली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग विचारले, "तुमच्या गावची शेवटची ग्रामसभा कधी झाली?" मुलगा वडिलांकडे बघू लागला आणि वडील माझ्याकडे. शेवटी वडीलच म्हणाले, "साहेब, ती असते होय? आमास्नी कोण बोलावत नाही."

तो मुलगा हुशार आहे, याबद्दल शंका नाही. शंका आहे ती आपण त्याला दहा वर्षे काय शिकवले याबद्दल.

अमेरिकेत हा वाद बरीच वर्षे चालू आहे. नागरिकशास्त्र शाळेत सक्तीचे करावे की नाही, केले तर परीक्षा घ्यावी की नाही, यावर तिथे भांडणे होतात. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय असल्यामुळे एका राज्यात सक्ती तर शेजारच्या राज्यात नाही. आपली जी मराठी मुले तिकडे स्थायिक झाली त्यांना नागरिकत्व घेताना तोंडी परीक्षा द्यावी लागते. आधी १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारत आणि ६ बरोबर आले की पास. ऑक्टोबर २०२५ पासून यादी १२८ ची झाली. आता २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बाहेरून आलेला माणूस हे पाठ करतो, पण तिथेच जन्मलेल्याला कोणी विचारत नाही! म्हणून २०१५ साली ॲरिझोना राज्याने कायदा केला की शाळेतून पास होऊन बाहेर पडायचे तर तेच प्रश्न सोडवून दाखवा. नंतर आणखी काही राज्ये त्या वाटेने गेली. तरीही २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीची जेमतेम २२ टक्के मुले या विषयात प्रवीण ठरली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१८ साली वेगळा विचार केला. तिथे आठवीत एकदा आणि हायस्कुलात एकदा मुलांनी स्वतःच्या गावचा एखादा सार्वजनिक प्रश्न निवडून त्यावर काम करायचे, असा कायदा झाला.

आपल्याकडे सक्तीचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. महाराष्ट्रात इतिहासाच्या शेपटीला नागरिकशास्त्र बांधलेले असते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर. आपल्या कर्नाटकात एसएसएलसीला समाज विज्ञानाचे लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण, आणि त्याच पोटात इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र असा सगळा बाजार. जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शाळा-कॉलेजांत संविधानाची प्रस्तावना वाचण्याचा निर्णय घेतला, तोही चांगलाच. म्हणजे सक्ती आहे, पुस्तक आहे, प्रस्तावनाही आहे. मात्र ओझे कमी करायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा इथेच लागते. २०२० साली कोरोनात सीबीएसईने अभ्यासक्रम कमी केला तेव्हा अकरावीच्या राज्यशास्त्रातून त्या वर्षापुरते नागरिकत्व, संघराज्य आणि धर्मनिरपेक्षता हे धडे वगळले गेले होते.

पण या गोष्टी आपल्याला का लागाव्यात? रामनगरच्या माणसाला हे विचारण्याची गरज पडू नये. हे गावच मुळी विस्थापितांचे. काळी नदीवर सुपा धरण झाले, १९८७ साली ते पूर्ण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले आणि आपली घरेदारे इथे येऊन वसली. त्या वेळी जमीन घेण्याचा कायदा होता १८९४ चा, इंग्रजांच्या काळातला. कायदा जुलमी होता हे खरे. पण त्यातही जमीनवाल्याला दोन-तीन दारे उघडी होती. नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येत होती. भरपाई कमी वाटली तर प्रकरण कोर्टाकडे पाठवा, असा अर्ज करता येत होता. त्यासाठी ठरावीक मुदत होती. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पैसे घेताना "तक्रार राखून घेत आहे" असे लिहून घेतले नाही, तर तो अर्ज करण्याचा हक्कच जात होता.

मी रोज पावत्यांवर सह्या घेणारा माणूस आहे. त्या तीन-चार शब्दांची किंमत काय असते ते मला कळते. आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ती कळली नव्हती. "इथे अंगठा उठवा" म्हटले, त्यांनी उठवला. ते अडाणी होते असे मी म्हणणार नाही. पावसाचा अंदाज, बियाणे, गुरांचे दुखणे यांत त्यांना हरवणारा कोणी नव्हता. फक्त ती एक ओळ त्यांना कोणी सांगितली नाही. २०१४ पासून तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवा कायदा आला. त्यात पुनर्वसनाची तरतूद आहे, भरपाईबद्दल दाद मागण्याची मुदत निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवड्यांची आहे. उद्या रस्ता रुंद होईल, आणखी काही प्रकल्प येतील. आपल्या पदवीधर पोराला यातले काय ठाऊक आहे?

दुसरे उदाहरण जंगलाचे. जोयडा तालुक्यात जंगलाशी संबंध नसलेले घर शोधावे लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा दाखल करण्याची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते. वन हक्क समितीही ग्रामसभाच निवडते. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहिल्याचे दाखवावे लागते. ही अट कठीण आहे. पण कागद नसेल तर गावच्या वृद्ध माणसाची जबानीसुद्धा पुराव्यात धरतात, हे किती घरांना माहीत आहे? ती वृद्ध माणसे एकेक करून जात आहेत. ज्या गावात ग्रामसभा कागदावरच होते, त्या गावाने हा हक्क मागायचा कोणाच्या तोंडाने?

आता आपल्या काही बांधवांचा आक्षेप. ते म्हणतात, कर्नाटकाच्या पुस्तकातले नागरिकशास्त्र शिकून आपल्याला काय मिळणार? १९५६ ची राज्य पुनर्रचना त्यात एकाच बाजूने येते, सीमाभागाचे दुःख त्यात नाही. भावना समजण्यासारखी आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे, आणि तोवर आपली एक पिढी म्हातारी झाली. पण संविधान काही एका राज्याचे नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय राज्याने करावी, हे सांगणारे ३५०-अ कलम १९५६ सालीच घातले गेले, आपल्यासारख्यांसाठीच. त्याच्या पुढचे ३५०-ब कलम भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमते. २९ आणि ३० ही कलमे भाषा जपण्याचा आणि शाळा चालवण्याचा हक्क देतात. मोर्चात घोषणा देणाऱ्या आपल्या किती तरुणांना हे आकडे सांगता येतील? मराठी शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर घोषणेने ती भरत नाही. कलम दाखवून, तारीख घालून, पोच घेऊन दिलेला अर्ज निदान फाईलमध्ये राहतो. आणि तो कन्नडमध्ये लिहिता आला तर अधिकच बरे, हे मी मराठीचा अभिमान बाळगूनच म्हणतो.

दुसरा आक्षेप पालकांचा : "पोराला राजकारण नको." पंचायतीत नळाचे पाणी का येत नाही हे विचारणे राजकारण असेल, तर ते सातवीपासूनच शिकवावे असे माझे मत आहे.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. गणती, निवडणूक, दुपारचे जेवण आणि रजिस्टरे यांतून ते कधी शिकवणार? आपल्याकडे बहुतेक शाळांत शालेय मंत्रिमंडळ असते, पण बऱ्याचदा पंतप्रधान गुरुजीच ठरवतात आणि तो प्रार्थनेची रांग लावण्यापलीकडे काही करत नाही. मुलांनी मतपत्रिका छापाव्या, मते मोजावी, आणि निवडून आलेल्याने वर्षाअखेर सगळ्यांपुढे हिशेब द्यावा, एवढे केले तरी अर्धे पुस्तक शिकवून होते. मुलांची ग्रामसभा घेण्याची पद्धत तर आपल्या राज्यात आहेच. तिथे मुले पाणी, शौचालय, बस यांबद्दल बोलतात. त्यांनी मांडलेल्या मागण्यांचे पुढच्या वर्षी काय झाले, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. माहितीच्या अधिकारात ते विचारता येते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. आठवी-नववीच्या मुलाला याहून चांगला निबंध कोणता देणार?

आणि आपण? शिवजयंती, हळदीकुंकू, गुणवंतांचा सत्कार हे सगळे मंडळ दरवर्षी करते आणि करावेच. पण सत्कारात नारळ आणि शाल देताना आपण त्या गुणवंताला एकदाही ग्रामसभेला घेऊन गेलो नाही, ही कबुली इथे दिलेली बरी.

म्हणून मंडळाच्या येत्या बैठकीत एक विषय मांडत आहोत. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी महिन्यातून एक रविवार, दोन तास. पहिल्या रविवारी ग्रामसभेची नोटीस आणि इतिवृत्त कसे वाचावे, दुसऱ्या वेळी जमिनीचा उतारा, नंतर अर्ज आणि पोच. बँकेचे चलन आणि जामीनदाराची सही हे मी स्वतः घेईन. निवृत्त शिक्षक आणि पंचायतीत काम केलेल्या सदस्यांनी पुढे यावे, पक्ष कोणताही असो. बैठकीला येताना कोणाकडे आपल्या पंचायतीच्या मागच्या ग्रामसभेचे इतिवृत्त असेल तर त्याची एक झेरॉक्स जरूर आणावी. कोणाकडेच नसेल तर पहिला अर्ज त्याच दिवशी लिहू.