विश्लेषण : वडील मुंबईत, मूल हेदवीत, या घराला ‘एकल पालक’ घर म्हणायचे का?

गणपती जवळ आले की गुहागर तालुक्यातल्या हेदवीत मुंबईच्या गाड्या येऊ लागतात. दशभुजा गणेशाचे हे गाव. आरत्या होतात, विसर्जन उरकते आणि बहुतेक चाकरमानी परत फिरतात. मागे उरतात आजी-आजोबा, आई आणि शाळकरी मुले. शिमगा, मे महिना सोडला तर या मुलांचा अभ्यास, ताप, शाळेतली सही हे सगळे आईच बघते. तरी त्यांना कोणी ‘एकल पालकाची मुले’ म्हणत नाही.

संशोधन काय सांगते?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर यांचे ‘ग्रोइंग अप विथ अ सिंगल पेरेंट’ हे पुस्तक १९९४ मध्ये आले. एकाच पालकाजवळ वाढलेल्या मुलांमध्ये शाळा अर्धवट सोडण्याचे प्रमाण साधारण दुप्पट असते, हा त्यातला निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. पुढचा भाग मात्र गाळला जातो. या फरकातला जवळपास निम्मा वाटा कमी उत्पन्नाचा आहे. शिवाय विधवा मातांची मुले घटस्फोटित मातांच्या मुलांपेक्षा बरी तगतात. वडील दोन्ही घरांत नाहीत, मग निकाल वेगळा का? म्हणजे नुसती गैरहजेरी हे पूर्ण उत्तर नाही.

पॉल ॲमॅटो आणि ॲलन बूथ यांनी १९९७ मध्ये आणखी एक बाब मांडली. ज्या घरात रोज कडाक्याची भांडणे होतात, तिथली मुले आई-वडील वेगळे झाल्यावर सावरतात. ‘मुलांसाठी तरी संसार टिकवा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही, तो त्यामुळेच.

कोकणातले कुटुंब कसे मोजायचे?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. हा आकडा मुलींच्या वाढत्या जन्माचा नाही, गावाबाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे. गिरणीच्या काळापासून मनीऑर्डरवर चाललेली ही घरे.

इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) मध्ये एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि नाते. चाकरमान्याच्या घरात यातल्या पहिल्या दोन खुणा तुटलेल्या असतात, उरलेल्या तीन शाबूत. शिरगणतीत ती दोन घरे, गावाच्या हिशेबी एकच.

मुलाला आधार मिळतो तो या उरलेल्या तीन खुणांचा. पैसे येतात, आजी घरात असते, काका शाळेत डोकावतो, आणि आईकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. वडिलांची उणीव मात्र राहतेच. व्हिडिओ कॉलने अंतर कमी झाले खरे, पण पालकसभेला शेवटी आईच जाते.

मग अडचण कुठे येते?

पैसे थांबतात तिथे. नवरा मुंबईत आहे, लग्न कागदावर आहे, फक्त महिन्याचे पैसे बंद झालेत. अशा घरातल्या मुलाचा दिवस शेजारच्या मुलासारखाच दिसतो, पण पायाखालचे सगळे सरकलेले असते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. पण मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटाचा हुकूमनामा असतो. नवऱ्याने पैसे पाठवणे बंद केल्याचा दाखला कोण देणार? पोटगीसाठी घटस्फोट लागत नाही, कायदा तसा आहे. मात्र सासूच्या हातची भाकरी खात तिच्याच मुलावर दावा लावायचा, हे कायद्याच्या पुस्तकात वाटते तितके सोपे नाही. छप्परही जाण्याची भीती असते. त्यामुळे कित्येक जणी गप्प राहतात आणि आंबा-काजूच्या हंगामात मजुरीला जातात.

कुटुंबव्यवस्था टिकली पाहिजे, असे भाषणात सांगणाऱ्यांनी आधी या घराचा विचार करावा. इथे व्यवस्था टिकलेलीच आहे, आणि मदत अडते ती तेवढ्याच कारणाने.

कुणाच्या घरचे पैसे थांबले, हे अंगणवाडी सेविकेला आणि शाळेच्या बाईंना बहुधा सगळ्यांत आधी कळते. डबा बदलतो, वह्या उशिरा येतात, मूल हंगामात गैरहजर राहू लागते. योजनेच्या चौकशीत त्या दोघींच्या लेखी जबाबाला दाखल्याइतकेच वजन दिले, तर अशा आईला नवऱ्याविरुद्ध कागद गोळा करत फिरावे लागणार नाही.