४८ तास आणि १७ वर्षे

केंद्र सरकारचा साधा कारकूनही ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिल्यास १९६५ च्या सेवा नियमांनुसार निलंबित मानला जातो. लोकप्रतिनिधींना लावले जाणारे माप मात्र वेगळे आहे. बिहारमधील चारा घोटाळा १९९६ मध्ये उघडकीस आला. चाईबासा कोषागारातून बनावट देयकांद्वारे सुमारे ३७ कोटी रुपये काढल्याच्या खटल्यात लालूप्रसाद यादव यांना शिक्षा झाली ती २०१३ मध्ये. दरम्यानच्या १७ वर्षांत ते पाच वर्षे देशाचे रेल्वेमंत्री होते. शिक्षेनंतर त्यांची खासदारकी गेली, तीही सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये अपिलाच्या आधारे मिळणारे सदस्यत्वाचे संरक्षण रद्दबातल ठरविल्यामुळे.

केवळ अटकेवरून पद काढून घ्यावे, ही मागणी आकर्षक असली तरी तपास यंत्रणा सत्ताधाऱ्यांच्या अखत्यारीत असल्याने ती धोक्याची ठरू शकते. खरा प्रश्न विलंबाचा आहे. आमदार-खासदारांवरील खटल्यांसाठी २०१७ मध्ये १२ विशेष न्यायालयांना मंजुरी मिळाली, ती याच जाणिवेतून. निकाल वेळेत लागला, तरच निर्दोषाला न्याय, दोषीला शासन आणि जनतेला आपल्या पैशाचा हिशेब मिळेल.