धूळ कोणी झाडायची?

स्मरणिकेतील लेखाने संस्थेच्या वाटचालीचा गौरव करावा, अशी रीत आहे. या अंकात तो गौरव करणारे लेख पुष्कळ असतील. मी येथे एक प्रश्न मांडणार आहे. तो आपल्याच आवारात विचारला गेला आणि आयुष्यभर इतिहास शिकवूनही मला त्या क्षणी त्याचे उत्तर देता आले नाही.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका टेम्पोतून नऊ जुने संगणक शाळेत आले. एका कार्यालयाने नवी यंत्रे घेतली होती आणि जुनी आपल्याकडे पाठवली होती. सोबतच्या पत्रात ‘गरीब व गरजू विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द होते. पहिल्या यंत्राची बाजूची पत्र्याची झडप काढली आणि आम्ही दोन पावले मागे सरकलो. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा राखाडी, नमद्यासारखा थर बसला होता. त्यात केस गुंतले होते. वीजपुरवठ्याच्या पेटीच्या जाळीत मेलेली झुरळे होती, एका यंत्रात पालीच्या अंड्यांची टरफले होती. कळफलक उलटा धरून आपटला तेव्हा बिस्किटांचा चुरा आणि सुपारीची खांडे पडली. बाहेरील पांढरा रंग हाताच्या मळाने तपकिरी झाला होता.

तीन शिक्षक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी मिळून ही यंत्रे स्वच्छ करू, असे आम्ही ठरवले आणि पालकसभेत मोठ्या उत्साहाने सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतून एक माता उठल्या. त्या एका नगरपालिकेत सफाई कामगार आहेत. त्या म्हणाल्या, “सर, म्या रोज गावाची घाण काढते. लेकरावर ती पाळी येऊ नये म्हणून काळजावर दगड ठेवून त्याला इथं ठेवलं. आन् इथं बी त्यानं दुसऱ्याच्याच घाणीत हात घालायचा का?”

सभागृह स्तब्ध झाले. ‘सगळी कामे सारखीच असतात’, ‘स्वच्छतेत कसली लाज’ अशी वाक्ये माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळली, हे बरे झाले. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडू सक्तीने दिला गेला, त्यांना श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन देणे हा या देशातील जुना उद्योग आहे. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विच्छेदन’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात केवळ कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना उतरंडीवर बसवते. त्या मातेचा आक्षेप कामाला नव्हता. वाटणी कोण करतो, हा तिचा प्रश्न होता.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच तीव्र आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला जे आले ते बहुतेक उतरलेलेच होते. शिळी भाकर, फाटके लुगडे, मढ्यावरचे कापड. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. मेलेल्या जनावरांचे मांस आणि इतरांचे उष्टे-शिळे तुकडे टाकून द्या, असा तो उपदेश होता. तो मानणाऱ्या समाजाच्या शाळेने कोणाच्या तरी कार्यालयातून उतरलेले यंत्र का घ्यावे? हा हळवेपणा नव्हे. इतिहासाची ज्याला आठवण आहे, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उत्तर शोधताना मला बाबासाहेबांच्याच चरित्रातील एक प्रसंग आठवला. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कमध्ये शिकत होते. शिष्यवृत्ती तुटपुंजी, त्यातून घरी पैसे पाठवायचे. तरीही त्या काळात त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके विकत घेतल्याचे चरित्रकार धनंजय कीर नमूद करतात. ती पुस्तके कोणी तरी वापरून विकलेलीच होती. परंतु ती बाबासाहेबांनी निवडली होती, दाम मोजून घेतली होती आणि वाचून आपलीशी केली होती. वस्तू जुनी असणे निराळे आणि उतरलेली असणे निराळे. कोणी निवडले, कोणत्या अटीवर घेतले आणि घेतल्यावर त्या वस्तूचे ज्ञान कोणाच्या ताब्यात आले, यावरून हा भेद ठरतो.

हा भेद डोळ्यांपुढे ठेवून आम्ही कामाला लागलो. पहिले यंत्र आम्हा तीन शिक्षकांनीच साफ केले. विद्यार्थी पाहत होते. नंतरच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावल्या. मुलगे आणि मुली, दोघेही. कोणाला शिक्षा म्हणून पाळी नाही आणि कोणाला हुशार म्हणून सूटही नाही.

काम नाजूक होते. वीजजोडणी काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेला भार जाऊ द्यायचा. कोणती तार कोठे जाते, याचे वहीत चित्र काढायचे. नाकाला रुमाल बांधून यंत्र व्हरांड्यात आणायचे, मऊ कुंचल्याने धूळ सुटी करायची आणि मग हवेच्या झोताने उडवायची. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे लागते. नाहीतर झोताने तो बेफाम फिरतो आणि त्याची धारणी खराब होते. रिकामी झालेली पत्र्याची पेटी आणि कळफलकाच्या सुट्या कळा साबणाच्या पाण्याने धुवून दिवसभर वाळवल्या. मुख्य फळीला मात्र पाणी लावायचे नसते. तिच्यावरील चिकट डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढायचे. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेतल्या साध्या खोडरबराने घासले आणि दोन मुकी यंत्रे बोलू लागली. प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. तो पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. तारीख विसरणाऱ्या यंत्रांत सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदलला. वीजपुरवठ्याच्या पेटीला बाहेरूनच ब्रश लावायचा, ती उघडायची नाही, असा कडक नियम केला. जोडणी काढल्यानंतरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक भार राहू शकतो.

या कामात विज्ञानाचे किती धडे आले, हे मोजत बसलो नाही. धूळ साचली की यंत्र मंद का होते, हे मुलांना सांगावे लागले नाही. उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, हे त्यांनी साफ करण्यापूर्वीचे आणि नंतरचे तापमान पडद्यावर वाचून स्वतःच ताडले. नऊपैकी सहा यंत्रे सुरू झाली. उरलेल्या तिघांचे सुटे भाग त्या सहांना उपयोगी पडले.

एका यंत्राच्या हार्ड डिस्कवर जुन्या वापरकर्त्याच्या घरातील छायाचित्रे आणि पगाराची कागदपत्रे तशीच राहिली होती. मुलांचे कुतूहल स्वाभाविक होते. आम्ही पडदा बंद केला, देणाऱ्या कार्यालयाला कळवले आणि सर्व डिस्क पूर्ण पुसून टाकल्या. दान घेणाऱ्याला देणाऱ्याच्या घरात डोकावण्याचा अधिकार मिळत नाही. शीलाचा हा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात मला इतका स्पष्टपणे शिकवता आला नसता.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद थेरांना ५०० वस्त्रे दिली. राजाला ते खटकले. एवढ्या वस्त्रांचे हे भिक्खू करणार काय, असे त्याला वाटले. त्याने थेट विचारले. आनंदांनी उत्तर दिले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गादीची खोळ. तिच्यानंतर जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडण्याचे फडके. आणि शेवटी त्याच्या चिंध्या मातीत मळून त्या चिखलाने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले.

या प्रसंगात काटकसर आहे, हे सर्वजण सांगतात. मला त्यात दुसरे दोन गुण दिसतात. हिशेब विचारला म्हणून आनंद रागावले नाहीत. आणि वस्तू कितीही झिजली तरी तिचा पुढचा उपयोग संघाला ठाऊक होता. तोच संघ उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून, रंगवून चीवर करीत असे. त्याला पांसुकूल म्हणत. राजपुत्र असो वा झाडूवाला, संघात आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर तेच चीवर. चिंधी तीच होती, पण ती एका जातीच्या माथी मारलेली नव्हती. सर्वांनी मिळून धुतली म्हणून तिचा कलंक गेला.

आता उलट बाजूचेही बोलले पाहिजे. मुलांकडून नुसती यंत्रे पुसून घेतली असती आणि नंतर त्यांच्यावर मखमली कापड टाकून खोलीला कुलूप लावले असते, तर त्या माता शंभर टक्के खऱ्या ठरल्या असत्या. साफसफाई आपोआप विद्या होत नाही. जो उघडतो, त्यालाच वापरायला मिळाले, त्यालाच बिघाड शोधायला मिळाला, तरच त्या धुळीचे ज्ञानात रूपांतर होते.

दुसरी भीती अधिक मोठी आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालती यंत्रेही कार्यालयांतून बाहेर पडत आहेत आणि त्यांतली बरीच ‘दान’ म्हणून आपल्यासारख्या शाळांच्या दारी येतील. त्यांवर लिनक्स उत्तम चालते. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्याच कुळातली आहे. देवनागरी युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात विनामूल्य मिळतो. ही संधी आहेच. परंतु जी दुरुस्त होणार नाहीत त्यांचे काय? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तारा जाळून तांबे आणि फळ्या आम्लात बुडवून धातू काढले जातात. तो विषारी धूर कोणाच्या लेकरांच्या छातीत जातो, हे आपल्याला निराळे सांगायला नको. आपल्या उंबरठ्यावरून निघालेले यंत्र तेथे पोहोचले, तर आपण केवळ धूळ पुढच्या गरिबाकडे ढकलली असे होईल. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. निकामी भाग नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेले पाहिजेत.

तिसरी गोष्ट शासनाशी संबंधित आहे. सहा जुनी यंत्रे चालू झाली, म्हणून नव्या प्रयोगशाळेची आपली मागणी मागे घेता कामा नये. आपल्या कष्टाचे कौतुक करून आपला हक्क टाळण्याची सवय पुष्कळांना आहे. शिक्षण हा हक्क आहे. जुन्या वस्तूंचे दान हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आणि समाजबांधवांना मी चार गोष्टी सुचवतो. जुने यंत्र द्यायचे असेल तर आधी विचारा. आम्हाला हवे ते आम्ही निवडू, नको त्याला नम्रपणे नाही म्हणू. यंत्राबरोबर एक दिवस स्वतः या आणि मुलांच्या शेजारी बसून ते उघडा. प्रत्येक यंत्राची नोंदवही ठेवली जाईल. तिचा हिशेब मागा, आम्ही रागावणार नाही. आणि ‘गरीब व गरजू’ हे शब्द पत्रातून काढून टाका. ‘विद्यार्थ्यांसाठी’ एवढे पुरेसे आहे.

गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला त्या माता आल्या होत्या. मुलाने त्यांना संगणक खोलीत नेले, स्वतः टंकलेला निबंध दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला, पडद्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, “हे आता कोण पुसतं?” मुलाने भिंतीवरचा पाळीचा तक्ता दाखवला. त्या आठवड्यात नाव माझे होते. बोटाला लागलेली धूळ त्यांनी मला दाखवली. मी खजील होऊन फडके शोधू लागलो, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

जय भीम! नमो बुद्धाय!