मुडदूस बरा होत नसेल तर…

मावळात पावसाळ्याचे चार महिने ऊन दुर्मिळच. लोणावळ्यात तर बाळाची दुपटी चुलीच्या उबेला वाळवायची वेळ येते. त्यामुळे एखाद्या मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले, की निदान आधीच ठरलेले असते: ऊन नाही, म्हणून मुडदूस. ‘ड’ जीवनसत्त्व द्या, कॅल्शियम द्या. बहुतेकांना त्याने गुण येतोही.

ज्याला येत नाही, त्याला दुसरा डोस, मग तिसरा. मूल वाढत नाही, ओकते, रात्री उठून तांब्याभर पाणी पिते, सारखे लघवीला जाते. आजी म्हणते, सवयच आहे त्याला!

सवय नव्हे, कदाचित तो मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार असेल. अशा दुर्मिळ विकारांपैकी एकाचे नाव लांबलचक आहे, ‘डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस’. शरीरात रोज तयार होणारे आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांनी लघवीवाटे बाहेर टाकायचे असते. या मुलांत ते जमत नाही. रक्तातले आम्ल वाढते, ते शमवताना हाडे झिजतात आणि कॅल्शियम लघवीत उतरून मूत्रपिंडातच साचते. त्यावर ‘ड’ जीवनसत्त्वाचा मारा केला, तर साचणे आणखी वाढू शकते. काही मुलांना याच दोषामुळे बहिरेपणही येते.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. संशय पक्का करायला रक्तातले बायकार्बोनेट, पोटॅशियम, क्लोराईड, लघवीची आम्लता आणि सोनोग्राफी एवढ्यावर बरेच भागते. जनुकीय तपासणी नंतरची. औषध मुख्यतः सोडा किंवा सायट्रेट. मात्र रोज, वेळच्या वेळी आणि जन्मभर. ते लवकर सुरू झाले तर मूल वाढीला लागते. गेलेले ऐकू मात्र त्याने परत येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. त्या यादीत मुडदूस आहे, पण जीवनसत्त्वाच्या अभावाखाली. माझे म्हणणे असे, की नीट उपचार होऊनही तीन महिन्यांत हाडे सुधारली नाहीत, तर पुन्हा सुई टोचू नये. चिठ्ठी देऊन मुलाला पुण्याला मूत्रपिंडाच्या बालतज्ज्ञाकडे धाडावे. लोणावळ्याहून लोकल तर जातेच.

आणि घरातली बोलणी एकट्या आईला नकोत. बहुधा दोघेही आईबाप धडधाकट असतात. सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडूनही येते. मग दर खेपेला विकाराची शक्यता चारात एक. मामाच्या मुलीशी लग्नाची आपली रीत ती जोखीम वाढवते. म्हणून थोरल्याचे निदान झाले, की पाळण्यातल्या धाकट्याचेही रक्त लगेच तपासून घ्यावे. त्याचे पाय अजून सरळ असतात.