धाडींनी जुगार सुटत नाही

पुसद, उमरखेड, दिग्रस या भागात जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडल्याचे वाचून आता कुणालाच नवल वाटत नाही. पोळ्याच्या सुमारास तर अशा बातम्यांना ऊत येतो. पत्त्यांचे जोड, थोडी रोकड, दोन-चार मोटारसायकली एवढा मुद्देमाल जप्त होतो, आरोपी जामिनावर सुटतात आणि डाव दुसऱ्या शिवारात बसतो. १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने घालून दिलेला हा परिपाठ आहे. ज्या घरातील कापसाचा चुकारा डावावर गेला, त्या घराचे पुढे काय झाले, हे मात्र कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

कापूस आणि जुगार यांचे नाते यवतमाळ जिल्ह्याने तरी विसरू नये. मटका जन्मला तोच कापसाच्या भावातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होते भाव मुंबईस कळविले जात व त्या आकड्यांवर पैसे लावले जात. १९६१ मध्ये ती सोय बंद पडली. पुढल्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत आकडे काढण्याचा स्वतंत्र खेळ सुरू केला. कापूस त्यातून गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द मागे राहिले. कापूस पिकविणारा वऱ्हाडातला शेतकरी आणि त्याचे कापड विणणारा गिरणगावातला कामगार अशा दोघांच्याही खिशाला या खेळाने हात घातला. त्याचे गणित सरळ आहे. दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि लावलेल्या रुपयास साधारणतः नऊ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावणाऱ्याच्या हाती नऊच येतात. उरलेला एक रुपया रोज कुणाकडे जातो, हे सट्टापट्टी लिहिणाऱ्या पोरालाही ठाऊक असते.

राज्यसंस्थेचे वर्तन याहून फार वेगळे नाही. १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली, ती लोकांना मटक्यापासून परावृत्त करावयाचे असे सांगत. त्या वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याला भावाची निश्चिती देऊ पाहणारी ही योजना कारभाराने पोखरली आणि या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. नशीब विकणारी लॉटरी मात्र तिच्या नंतरही चालत राहिली. पाऊस, बियाणे आणि भाव या तिन्हींवर दर हंगामात सर्वस्व लावणाऱ्या माणसाला चौथा डाव तितकासा परका वाटत नाही, याचा उलगडा येथे होतो.

मोबाईलने तर अड्ड्याची गरजच संपविली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांत देशातील सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपये गमावतात, हा केंद्र सरकारनेच २०२५ मध्ये मांडलेला अंदाज. त्याच वर्षी जुलैत, विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचा डाव दिसणारी चित्रफीत राज्याने पाहिली. आपण खेळत नव्हतो, आपोआप उघडलेला खेळ बंद करीत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांच्याकडे क्रीडा खाते आले! ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळणारा गुन्हेगार नसून बळी आहे, एवढे या कायद्याने मान्य केले, हे योग्यच झाले.

पण या बळीने जावे कोठे? अनावर जुगार हा मानसिक आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने १९८० पासून नोंदविले असून २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला दारू व मादक द्रव्यांच्या व्यसनांशेजारी बसविले. या व्यसनाचा तोंडाला वास येत नाही. त्यामुळे सावकार दारात येईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. गेलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा लावणे हे त्याचे मुख्य लक्षण, आणि आत्महत्येचे विचार ही त्याची सर्वांत भयंकर सोबत. उपाय आहेत. नियमित समुपदेशन, व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांचे गट, काही काळ पैशाचा व्यवहार घरातील दुसऱ्याकडे सोपविणे, आणि कर्जाची उघड मांडणी. यांपैकी शेवटची गोष्ट डॉक्टर एकटा करू शकत नाही.

व्यवस्था बदलल्यावाचून जुगार जाणार नाही, असे काही सहकारी म्हणतात. ते खरे मानले तरी तोवर गहाण पडलेले शेत थांबत नाही. शिवाय निवडणुकीच्या रात्री कचेरीत ‘विरंगुळा’ म्हणून बसणारा डाव कार्यकर्त्यांनीही एकदा तपासावा. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन नैराश्याची चौकशी करू लागल्या. अशा प्रत्येक चौकशीत जुगाराचा आणि त्यापायी झालेल्या कर्जाचा प्रश्न असलाच पाहिजे. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक गावोगावच्या पारावर लिहिला गेला पाहिजे. पुसदच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी जुगाराच्या रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ बसला पाहिजे आणि त्याच्या शेजारच्या टेबलाशी सावकारी कर्जाचे कागद वाचणारा, सहकार खात्याकडे तक्रार लिहून देणारा कार्यकर्ता असला पाहिजे. हे सारे येत्या वेचणीचा चुकारा हाती पडण्यापूर्वी व्हावयास हवे.