राक्षस की आई?

परग्रहावरचा प्राणी म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बहुधा माणसांवर तुटून पडणारा अक्राळविक्राळ राक्षसच! परंतु अशा प्राण्याची बाजू समजून घेणारी गोष्ट मला अधिक शास्त्रीय वाटते.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखवली गेली. तिचा मार्च १९६७ मधला एक भाग पाहा. दूरच्या ग्रहावरील खाणीत कामगार एकामागून एक मरतात. मारणारा असतो आम्लाने खडक विरघळवीत जाणारा होर्टा नावाचा प्राणी. त्याला ठार करायचे ठरते. पण समोरासमोर आल्यावर कप्तान कर्क शस्त्र चालवत नाही आणि स्पॉक त्या प्राण्याच्या मनाचा ठाव घेतो. तेव्हा उलगडा होतो, की निरुपयोगी म्हणून खाणीत फोडले गेलेले सिलिकॉनचे गोळे ही त्याची अंडी होती. तो राक्षस नव्हता, आई होती!

सिलिकॉनचा सजीव असू शकेल का? कार्बनप्रमाणे सिलिकॉनचा अणूही चार बंध जोडतो, म्हणून ही कल्पना सुचली. पण कार्बनसारख्या लांब, टिकाऊ साखळ्या त्याला साधत नाहीत. शिवाय आपण कार्बन डायऑक्साइड वायू उच्छ्वासातून सोडतो. सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे तर वाळूच! रसायनशास्त्रात गोष्ट लंगडी पडते खरी. पण तिची रीत विज्ञानाचीच आहे. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, आणि पुरावा मिळताच आपले मत बदलणे.

ही रीत शिकवणे सोपे, पाळणे कठीण. गेल्या पावसाळ्यात अचलपुरात आमच्या गल्लीत धामण निघाली. ‘विषारी आहे, मारा!’ असा गलका झाला नि काठ्या पडल्या. धामण बिनविषारी असते, शेतातले उंदीर खाते, हे मला ठाऊक होते. तरी पदार्थविज्ञान शिकवणारा मी हातात बॅटरी धरून गप्प उभा राहिलो. माझ्याच उजेडात ती मारली गेली.

कोणताही साप हाताळू नका. दूर उभे राहा, सर्पमित्राला बोलवा. मात्र काठी उचलण्याआधी ‘हा कोण? इथे का आला?’ एवढे विचारा. परग्रहावरचा पाहुणा येईल तेव्हा येवो. धामण येत्या पावसाळ्यात पुन्हा निघेल. या खेपेस मी बोलणार आहे. तुम्ही?